एक मत, दोन राष्ट्रें



एका मताचीं राष्ट्रें म्हणजे सख्खीं भावंडें, असा पुष्कळांचा समज असतो. चीन आणि अल्बानिया या दोन साम्यवादी राष्ट्रांच्या संबंधांचा इतिहास पाहिला म्हणजे हा समज किती उथळ आहे तें ध्यानीं येतें.

अल्बानिया हें आग्नेय युरोपांतील चिमुकलें डोंगराळ राष्ट्र. १९६१ सालीं त्याची लोकसंख्या वीस लाखांहूनही कमी होती. २३ नोव्हेंबर १९४९ रोजीं त्यानें नव्या चीनशीं राजनैतिक संबंध जोडले खरे. परंतु त्याचा खरा पोशिंदा त्या काळीं रशिया होता. शेजारचा युगोस्लाव्हिया आपणांस गिळून टाकील, हें भय अल्बानियाचे नेते एन्व्हर होजा यांच्या मनांत कायम घर करून होतें. १९५५ सालीं क्रुश्चेव्ह बेलग्रेडला जाऊन टिटो यांच्याशीं समेट करूं लागले, तेव्हां होजांचें मन रशियावरून उडालें. वाद विकोपास गेला आणि १९६१ मध्यें रशियानें मदत थांबविली, तज्ज्ञ परत बोलाविले व डिसेंबरांत संबंधही तोडले.

याच सुमारास चीनचेंही रशियाशीं बिनसलें होतें. शत्रु एक झाला, तशी मैत्री दृढ झाली. स्वतःची प्रजा दुष्काळांत होरपळत असतां चीननें अल्बानियास धान्य पुरविलें. पुढें एल्बासानचा पोलादाचा कारखाना आणि ड्रिन नदीवरील फिएर्झाचें वीजकेंद्र यांनाही हातभार लावला. अल्बानियानें हे उपकार फेडले. संयुक्त राष्ट्रसंघांत चीनला आसन देणाऱ्या ठरावाच्या पुरस्कर्त्यांत तो अग्रभागीं होता. २५ ऑक्टोबर १९७१ रोजीं तो ठराव ७६ विरुद्ध ३५ मतांनीं संमत झाला.

पण त्याच वर्षींच्या जुलैंत अमेरिकेचे किसिंजर गुप्तपणें पेकिंगला जाऊन आले होते. होजांनीं ऑगस्टांत पत्र लिहून निषेध केला. तरी फेब्रुवारी १९७२ मध्यें निक्सन चीनला गेलेच. मोठा आधार मिळतांच लहान मित्राची किंमत उतरली. १९७७ च्या ऑगस्टांत तर टिटोच चीनचे पाहुणे झाले! बावीस वर्षांपूर्वींची रशियाची कृति चीननें जणुं पुन्हा गिरविली. अल्बानियाची टीका तीव्र होत गेली, आणि जुलै १९७८ मध्यें चीननें सर्व मदत बंद केली.

'गरज सरो नि वैद्य मरो' असें म्हणून हा विषय संपत नाहीं. चीननें मदत बंद केली, परंतु राजनैतिक संबंध तोडले नाहींत. १९८३ मध्यें व्यापारही पुन्हा सुरू झाला. पुढें अल्बानियांतील साम्यवादी राजवट कोसळली, तरी दोन्ही देशांच्या वकिलाती आजही आहेत. ज्या मतैक्याचा एवढा गाजावाजा झाला तें टिकलें नाहीं. साधा शिष्टाचार मात्र टिकला. परंतु मधल्या काळाचें काय? १९७६ च्या राज्यघटनेनें अल्बानियानें परकीय कर्ज घेणें स्वतःलाच निषिद्ध करून ठेवलें होतें. एक पोशिंदा गेला तेव्हां दुसरा मिळाला होता. दुसरा गेला तेव्हां तिसऱ्याचें दारच उरलें नव्हतें. नेत्यांच्या ताठ मानेची किंमत अखेरीस सामान्य घरांतील चुलींनीं मोजली. लहान राष्ट्रांनीं मित्र अवश्य जोडावे. पण एकाच मित्राच्या ओंजळीनें पाणी पिऊं नये, हाच या इतिहासाचा बोध होय.