मिठाच्या गोणीवरचा शिक्का

पुसदच्या बाजारात किराणा दुकानी गडी ठेवताना आधी ओळख विचारतात; गल्ला परक्याच्या हाती द्यायचा असतो. मला यात इतिहासाची थट्टा दिसते. रेल्वेपूर्वी मीठ आणि धान्य बैलांच्या तांड्यांवरून लमाणच वाहून नेत. आगगाडीने धंदा बुडाला, आणि १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली काही प्रांतांत त्यांचीही नावे चढली. गुन्हा सिद्ध व्हायची गरज नव्हती, जन्म पुरे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून गेला. जवळच्या गहुलीचे, बंजारा समाजातले वसंतराव नाईक १९६३ साली मुख्यमंत्रीही झाले. पारध्याचा पोरगा मात्र गोण्या उचलायला गेला, तरी दुकानदार त्याला म्हणतो, ‘ओळखीचं माणूस घेऊन ये.’