चार मीटरची रेघ आणि बाबांची लोगन

आजचा एपिसोड छोटा आहे आणि थोडा घरचा आहे.

बाबांकडे २००८ ची डिझेल लोगन आहे. तेव्हा मी शाळेत होतो. मित्र म्हणायचे, "काय रे, चाकं लावलेला खोका घेतलाय!" मलाही वाटायचं, बाबा फसले. परवा घरी गाडी विकायचा विषय निघाला, तेव्हा म्हटलं, आधी हिचा इतिहास तरी काढू.

रेनोनं १९९९ मध्ये रुमेनियातली डाचिया कंपनी घेतली. डोक्यात एकच आकडा होता: पाच हजार युरोत अख्ख्या कुटुंबाची गाडी. २००४ मध्ये लोगन आली. काटकसर बघा. बाहेरचा डावा आणि उजवा आरसा एकच, म्हणजे साचाही एकच. समोरची काच जवळजवळ सपाट, कारण जास्त वाकवलेली काच महाग पडते. पण जागेला हात लावला नाही. मागे तीन माणसं नीट बसतात, डिकी ५१० लिटरची. आम्ही कोड लिहिताना नेमकं उलटं करतो: दिसणारं चकाचक, आतलं नंतर बघू!

२००७ मध्ये महिंद्रा-रेनोची लोगन आपल्या नाशिकमध्ये बनायला लागली. पण खेळाचे नियम वर्षभर आधीच बदलले होते. २००६ च्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांवरची एक्साइज ड्युटी २४ वरून १६ टक्क्यांवर आली. छोटी म्हणजे काय? लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. लोगन सव्वाचार मीटरची. बसली रेघेच्या पलीकडे.

बाकीच्यांनी मग शेपटीच कापली. २००८ मध्ये टाटांची इंडिगो सीएस आली, ३९८८ मिलिमीटर. २०१२ मध्ये डिझायर ४१६० वरून ३९९५ वर आली, आणि डिकी ४४० लिटरवरून ३१६ वर. कर वाचला, पण बॅगांची जागा गेली.

लोगन फक्त करामुळे मागे पडली असं मी म्हणत नाही. रूपही आडवं आलंच. २०१० मध्ये रेनो भागीदारीतून बाहेर पडली, २०११ मध्ये गाडीचं नाव 'व्हेरिटो' झालं. २०१३ मध्ये तिचीही शेपटी कापून 'व्हाइब' काढली, पण तोवर उशीर झाला होता. टॅक्सीवाल्यांनी मात्र या खोक्याची किंमत बरोबर ओळखली.

हे सगळं मी बाबांना फोनवर उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, मला कुठलं एवढं माहीत? आजीची व्हीलचेअर डिकीत मावते का, एवढंच मी शोरूममध्ये बघितलं होतं."

आजी आता नाही. गाडी विकायचं तूर्त थांबवलंय.

तुम्ही सेडान बघायला जाल तेव्हा टचस्क्रीन नंतर बघा. आधी डिकी उघडा, आणि घरातलं सगळ्यात अवघड सामान आठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!