सायगॉनमधील एक चौक आणि पाच मागण्या

हो-चि-मिन्ह नगर, म्हणजे 1976 पर्यंतचे सायगॉन, पाहावयास गेलेल्या प्रवाशाला प्रथम फ्रेंच राजवटीच्या खुणा दाखविल्या जातात : 1880 मध्ये पूर्ण झालेले लाल विटांचे कॅथीड्रल आणि त्याशेजारचे भव्य टपाल कार्यालय. बौद्ध इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तेथून पश्चिमेकडे, न्गुएन दिन्ह चिएउ मार्गाकडे वळावे.

या मार्गावरील एका गजबजलेल्या चौकात भिक्खू थिक क्वांग डुक यांचे कांस्यशिल्प आहे. 'थिक' हे व्यक्तिनाम नव्हे. 'शाक्य' या शब्दाचे चिनी भाषेमार्गे आलेले ते व्हिएतनामी रूप होय. तेथील भिक्खू जन्माचे कुळनाम सोडून शाक्यमुनींचे कुळनाम धारण करतात. याच चौकात 11 जून 1963 रोजी क्वांग डुक यांनी आत्मदहन केले.

ते छायाचित्र जगाने पाहिले. कारण मात्र फार थोड्यांच्या स्मरणात राहिले. त्या वर्षी बुद्धजयंतीच्या वेळी ह्युए शहरात बौद्ध ध्वज फडकविण्यास मनाई झाली. काही दिवसांपूर्वीच तेथे कॅथॉलिक समारंभात पोपचे ध्वज निर्वेधपणे फडकले होते. 8 मे रोजी जमावावर बळाचा वापर होऊन निरपराध माणसे मारली गेली. ज्या ध्वजासाठी हे घडले, तो 1885 साली श्रीलंकेत सिद्ध झालेला, आपल्या विहारांवरही फडकणारा धम्मध्वजच होता.

बौद्धांनी पाच मागण्या मांडल्या : ध्वजबंदी उठवावी, कॅथॉलिकांइतकाच कायदेशीर दर्जा मिळावा, अटकसत्र थांबावे, धर्माचरणाचे व प्रसाराचे स्वातंत्र्य असावे, मृतांच्या कुटुंबीयांना भरपाई व दोषींना शिक्षा व्हावी. यांपैकी एकही मागणी विशेष सवलतीची नव्हती. 1950 च्या दहाव्या अध्यादेशाने बौद्ध संघाला सामान्य संस्थेच्या पंक्तीत बसविले होते. कॅथॉलिक चर्च त्या बंधनातून मुक्त होते.

जवळच सा लोइ विहार आहे. 'सा लोइ' म्हणजे 'सरीर', अर्थात धातू. 1958 मध्ये पूर्ण झालेल्या या विहारातून आंदोलनाची सूत्रे हलत. 21 ऑगस्ट 1963 रोजी सशस्त्र दलांनी तेथे छापा घालून भिक्खू-भिक्खुणींना पकडून नेले. नोव्हेंबरच्या आरंभी लष्करी उठावात राष्ट्राध्यक्ष न्गो दिन्ह जिएम यांची राजवट कोसळली.

त्याच मार्गाने पुढे बान को, म्हणजे 'बुद्धिबळाचा पट', या गल्लीबोळांच्या वस्तीत की व्हिएन विहार लागतो. 'की व्हिएन' म्हणजे जेतवन! हा थेरवादी विहार असून येथे पाली परंपरा जिवंत आहे. पालीच्या विद्यार्थ्याला येथे एक प्रश्न टाळता येत नाही. विनयातील तिसरी पाराजिका मनुष्यवधाबरोबरच मरणाची प्रशंसा करण्यासही मनाई करते. मग त्या चौकात आपण वंदन कशाला करावे?

महायान परंपरेत सद्धर्मपुण्डरीकातील भैषज्यराजाच्या कथेचा आधार अशा देहत्यागाला दिला जातो. तो इतिहास समजून घ्यावा. पण पाली विनय मानणाऱ्याने मृत्यूचे गुणगान करू नये. ज्या समान दर्जासाठी तो भिक्खू तेथे बसला, त्या मागणीला वंदन करावे. शिल्पासमोर उभे राहणाऱ्या उपासकाने ज्वाळांचे चित्र मनात आणण्यापूर्वी त्या पाच मागण्या आठवाव्यात. समतेचा आग्रह धरणाऱ्या आपल्या समाजाला त्या अपरिचित वाटणार नाहीत.