मातीचें उल्ब

गर्भाभोवतींच्या पातळ वेष्टनास आपले प्राचीन ग्रंथकार उल्ब म्हणत, व बाहेरील जाड आवरणास जरायु. छांदोग्योपनिषदांत विश्वाचें अंडें फुटतें तेव्हां जरायूपासून पर्वत आणि उल्बापासून मेघ व धुकें होतें. गीतेंत मात्र उल्बानें वेढलेला गर्भ धुरानें झांकलेल्या अग्नीच्या पंक्तीस बसला आहे. तेथें उल्ब म्हणजे ज्ञानावरील पडदा. दृष्टान्त समर्पक खरा, परंतु बिचाऱ्या उल्बावर अन्याय करणारा. त्यांतील जलावर गर्भ तरंगतो, धक्क्यांपासून वांचतो, हातपाय हालवितो. मनुष्याचें पहिलें घर तें हेंच.

या घराची जाणीव ज्यांनीं शब्दांत नव्हे तर मडक्यांत ठेविली असें मला वाटतें, ते लोक शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं राहत. ही नदी पुढें भीमेस मिळते, आणि भीमेच्या कांठींच दौंड आहे. या कमी पावसाच्या मुलखांत, आज ज्यास इनामगांव म्हणतात (नांव अर्थात् फार मागाहूनचें), तेथें इ. स. पूर्वी सुमारें १६०० ते ७०० पर्यंत शेतकऱ्यांची वस्ती नांदली. डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत तेथें उत्खनन केलें, डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर व डॉ. अन्सारी हीं त्यांतील प्रमुख नांवें.

तेथें घरांच्या जमिनीखालीं बालकांचीं दफनें निघालीं. दोन मडकीं तोंडास तोंड लावून आडवीं पुरलेलीं, आणि त्या पोकळींत लहानगें मूल. वांचलें नाहीं म्हणून त्यास गांवाबाहेर टाकलें नाहीं. जेथें आई दळीत, रांधीत असेल त्याच जमिनींत तें पुन्हां वेष्टनांत ठेविलें. एका पांच खोल्यांच्या घराच्या अंगणांत तर चार पायांचा मोठा, पोटाळ रांजण सांपडला. त्यांत एक प्रौढ पुरुष मांडी घालून बसविलेला होता.

या लोकांस लिपि नव्हती. छांदोग्याशीं त्यांचा धागा जोडण्याची घाई करूं नये. त्यांच्या मनांत भीतीहि असावी, कारण इतर प्रौढांस पुरतांना ते घोट्याखालचे पाय तोडीत. मृतानें उठून चालूं लागूं नये असा त्यांतील हेतु दिसतो. पण केवळ भीतीनें कोणी मूल मडक्याच्या पोटांत, आपल्याच पायांखालीं ठेवील काय? आणि रांजणांतील त्या पुरुषाचे पाय तर शाबूत होते.