इरावतीचा जलमार्ग आणि प्रवाशाची नजर

इरावतीच्या पात्रातून जहाजाने फिरणाऱ्या पर्यटकाला ब्रह्मदेश एका ठरावीक क्रमाने भेटतो. प्रोम म्हणजे आजचे प्याय, मग थायेतम्यो, मिन्हला, पगान, यांदाबो, आवा, सगाईंग, मंडाले, मिंगून आणि पाण्याने साथ दिली तर त्याही वर काथा व भामो. दिवसाला एक-दोन मुक्काम. काठावर उतरून एखादा पॅगोडा, एखादा बाजार, कुंभारांचे एखादे गाव पाहायचे आणि संध्याकाळी डेकवरच्या वेताच्या खुर्चीत बसून मावळतीचे रंग न्याहाळायचे. असा हा प्रवास १९९५ च्या सुमारास नव्याने सुरू झाला आणि पुढे जवळजवळ पाव शतक चालला. वाळूच्या दांड्यावर बैल पाणी पीत आहेत, बायका कपडे धूत आहेत, पोरे जहाजाला हात करीत आहेत, हे दृश्य पाहताना येथे काळ थांबला आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. ह्या वाटण्यामागचा इतिहास थोडा तपासून पाहण्यासारखा आहे. कारण मुक्कामांच्या ह्या यादीतील बरीचशी नावे एकोणिसाव्या शतकातील तीन युद्धांच्या वृत्तांतांतही येतात, आणि तीही बहुधा ह्याच क्रमाने.

इरावती ही मुळात राजधान्यांची नदी. उत्तरेस कचिन प्रदेशात माली आणि न्माई ह्या दोन प्रवाहांच्या संगमातून ती निघते आणि दोन हजारांहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून अंदमानच्या समुद्राला मिळते. पगान, सगाईंग, आवा, अमरापूर, मंडाले ह्या साऱ्या राजनगरी तिच्याच काठी वसल्या. ह्या नदीवर हिंदी माणूसही जुनाच. पगान येथे तेराव्या शतकातील एक तमिळ शिलालेख सापडला आहे. मलबारकडून आलेल्या एका भक्ताने तेथील विष्णुमंदिराला मंडप बांधून दिल्याची नोंद त्यात आहे. बोधगयेच्या महाबोधी मंदिराची प्रतिकृतीही त्याच शतकात पगानमध्ये उभी राहिली. परदेशातून आलेला माणूस नदीकाठी काही बांधून जातो, असा तो संबंध होता. आगबोट आली आणि ह्या संबंधाचे स्वरूप पालटले.

ती पहिली आगबोट हिंदुस्थानातूनच गेली. कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत १८२३ साली ‘डायना’ नावाची एक छोटी आगबोट पाण्यात उतरली. १८२४ मध्ये पहिले इंग्रज-ब्रह्मी युद्ध सुरू झाले, तेव्हा ती इरावतीवर नेण्यात आली. युद्धात वाफेच्या बळावर चालणारी नौका वापरण्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत तिची गणना होते. ब्रह्मी राजाच्या लांबलचक युद्धनौका वल्ह्यांवर चालत. वल्हवणारे थकत, डायना थकत नसे. १८२६ च्या फेब्रुवारीत इंग्रज सेना आवा राजधानीच्या काही मजलांवर येऊन ठेपली, आणि २४ तारखेला यांदाबो ह्या गावी तह झाला. आराकान आणि तेनासरीम हे प्रांत गेले, आसाम व मणिपूरवरील हक्क सोडावा लागला आणि वर एक कोट रुपयांची खंडणी बसली. पर्यटकांच्या जहाजावरून कुंभारांचे गाव म्हणून जे दाखवण्यात येई, ते हेच यांदाबो. तेथील बायका मातीला आकार देतात, गवत-लाकडाच्या उघड्या भट्टीत मडकी भाजतात आणि पाहुणा एखादे छोटे मडके विकत घेतो.

१८५२ च्या दुसऱ्या युद्धात खालचा ब्रह्मदेश इंग्रजांकडे गेला. समुद्र तुटलेल्या राज्याचा कारभार मिंदोन राजाने १८५३ पासून पंचवीस वर्षे मोठ्या समंजसपणे केला. १८५७ मध्ये त्याने मंडाले वसवले, स्वतःच्या आगबोटीही घेतल्या. परंतु नदीचे मुख आता दुसऱ्याच्या हाती होते. १८६५ मध्ये स्कॉटिश व्यापाऱ्यांनी ‘इरावती फ्लोटिला’ ह्या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेली कंपनी काढली. तिच्या बोटींचे भाग स्कॉटलंडात क्लाईड नदीकाठी तयार होत आणि रंगूनला आणून पुन्हा जुळवले जात. १८६७ च्या तहानंतर ही वाहतूक भामोपर्यंत पोहोचली. त्यामागे चीनच्या युन्नान प्रांताकडे जाणारी व्यापाराची वाट शोधण्याची आशा होती.

ह्या आगबोटींनी काठावरच्या गावांचे जीवन बदलले, हे नाकारता येत नाही. आगबोटीच्या बाजूला दोर बांधून नेल्या जाणाऱ्या सपाट तळाच्या नौकांवर दुकाने थाटलेली असत. कापड, सुऱ्या-कात्र्या, मीठ, वाळवलेली मासळी असा सारा बाजार नदीवरून गावाकडे चालत येई. पात्र दर पावसाळ्यानंतर बदलते आणि आदल्या वर्षीच्या वाटेवर नवा वाळूचा दांडा उभा राहतो. म्हणून नाळेवर उभे राहून खलाशी लांब बांबूने पाण्याचा थांग घेत आणि आकडा ओरडून सांगत. खलाशी आणि सारंग बहुतांशी चितगावचे. कोकणच्या किनाऱ्यावर आजही वापरात असलेला ‘सारंग’ हा शब्द इरावतीवरही तितकाच ओळखीचा होता.

ह्याच बोटींनी अखेर राज्यही नेले. मुंबईत ठाण असलेल्या बाँबे-बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने सागवानाचे ओंडके हिशेबापेक्षा जास्त नेले, असा ठपका ठेवून ब्रह्मी दरबाराने तिला सुमारे तेवीस लाख रुपयांचा दंड केला. फ्रेंचांशी राजाची जवळीक वाढत असल्याची धास्ती होतीच. दंडाचे निमित्त पुरेसे ठरले. नोव्हेंबर १८८५ मध्ये जनरल प्रेंडरगास्टची सेना थायेतम्योहून निघाली, ती फ्लोटिला कंपनीच्याच बोटींतून. सैन्यात मोठा भरणा हिंदी शिपायांचा होता. १७ तारखेला मिन्हलाचा किल्ला पडला. २८ ला मंडाले ताब्यात आले. दुसऱ्याच दिवशी थिबा राजा आणि राणी सुपयालत ह्यांना बैलगाडीतून नदीकाठी नेऊन आगबोटीवर चढवण्यात आले. त्या बोटीचे नाव होते ‘थूरिया’. आपल्या ‘सूर्य’ ह्या शब्दाचे ते पालीमार्गे झालेले ब्रह्मी रूप.

थिबा रंगून, मद्रास असे करीत एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आला आणि तीस वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, तेथेच वारला. ज्या रत्नागिरीत टिळकांचा जन्म झाला, तेथे ब्रह्मदेशाचा राजा कैदेत होता आणि १९०८ ते १९१४ ह्या काळात स्वतः टिळक मंडालेच्या किल्ल्यातील तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहीत होते. मराठी वाचकाला हा योगायोग ठाऊक असतो. तो सांगताना आपण एक गोष्ट मात्र सहसा विसरतो. टिळकांना मंडालेला पाठवणारी सत्ता तेथवर पोहोचली, ती हिंदी शिपायांच्या खांद्यांवरून आणि हिंदी खलाशांनी चालवलेल्या बोटींतून. मंडाले पडल्यावर युद्ध संपलेही नाही. पुढे कित्येक वर्षे गावोगावचे लोक लढत राहिले, आणि त्यांना नमवण्यासाठी गावे जाळण्यात आली.

नंतरच्या अर्धशतकात फ्लोटिला कंपनीची भरभराट झाली. १९३० पर्यंत तिच्या लहानमोठ्या नौकांची संख्या सहाशेच्या घरात गेली आणि वर्षाला लक्षावधी माणसे तिच्यातून जाऊ लागली. वरच्या डेकचा पुढचा, वारा येणारा भाग पहिल्या वर्गाच्या गोऱ्या प्रवाशांचा. मागच्या उघड्या डेकवर चटया पसरून ब्रह्मी आणि हिंदी प्रवासी. आजचे नदीपर्यटन ज्या सुखद आठवणीवर उभे आहे, ती त्या पुढच्या भागातील आठवण आहे. मागच्या डेकवर रंगूनच्या गोदीतले तेलुगू मजूर होते, बंगाली कारकून होते, चेट्टियार सावकारांचे गुमास्ते होते. १९३० नंतरच्या मंदीत कर्जे थकली आणि खालच्या ब्रह्मदेशातील प्रमुख भातजिल्ह्यांत सुमारे पाव हिस्सा जमीन ह्या सावकारांकडे आली. ब्रह्मी शेतकऱ्याला साम्राज्याचा चेहरा गोरा दिसण्याआधी पुष्कळदा हिंदी दिसत असे. ह्या कटुतेची किंमत मोजावी लागली ती मात्र बहुतांशी गरिबांना. १९४२ मध्ये जपानी सैन्य चालून आले तेव्हा चार लाखांवर हिंदी लोक देश सोडून निघाले. काही प्रोमवरून आराकानच्या डोंगरांत शिरले, काही चिंदविन ओलांडून मणिपूरकडे चालत गेले, आणि हजारो वाटेतच मेले. त्याच वर्षी कंपनीने शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून आपल्या बहुसंख्य बोटी स्वतःच नदीत बुडवल्या. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर उरलेली वाहतूक राष्ट्राच्या मालकीची झाली.

१९९० च्या दशकात लष्करी राजवटीने परदेशी पाहुण्यांसाठी दार उघडले आणि १९९६ हे पर्यटनवर्ष जाहीर केले. त्याच्या तयारीत मंडालेच्या राजवाड्याभोवतीचा खंदक वेठीच्या आणि कैद्यांच्या श्रमांतून उपसला जात असल्याची वृत्ते तेव्हा जगभर प्रसिद्ध झाली होती. पर्यटकांनी यावे की न यावे, हा वादही तेव्हाचाच. पुढे काही वर्षे वातावरण निवळले. २०१२ च्या मे महिन्यात भारताच्या पंतप्रधानांनी रंगूनमध्ये बहादूरशहा जफरच्या मजारीचे दर्शन घेतले आणि डिसेंबरात ब्रह्मदेशाच्या अध्यक्षांनी रत्नागिरीत थिबाच्या समाधीचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. आधीच महासाथीने थांबलेली पर्यटकांची जहाजे त्यानंतर बहुतांशी थांबलेलीच राहिली. सगाईंग प्रदेशात हजारो घरे जाळली गेली. मार्च २०२५ च्या भूकंपात आव्याचा १९३४ साली बांधलेला पूलही कोसळला.

तेव्हा ह्या काठावर काळ कधीच थांबला नव्हता. डेकवरून तो थांबलेला दिसतो, कारण डेक पुढे सरकत असतो. गावाच्या वाट्याला पाहणाऱ्याची पाच-दहा मिनिटे येतात, आणि एवढ्या वेळात बैल, घडा आणि लहान मूल ह्यांखेरीज काही दिसणे कठीण. ह्यासाठी प्रवास टाळावा, असे मी म्हणणार नाही. नदीवरून देश पाहण्याइतका सुंदर मार्ग दुसरा नाही. परंतु भारतातून जाणाऱ्याने तरी तेथे निव्वळ पाहुणा म्हणून उभे राहू नये. शिपाई, सारंग, सावकार, मजूर, निर्वासित आणि कैदी अशा साऱ्या रूपांनी आपण ह्या नदीवरून गेलो आहोत. यांदाबोच्या काठी मडके हातात घेताना, ह्याच वाळूवर आपल्याही शिपायांच्या छावण्या पडल्या होत्या, एवढे स्मरण ठेवले तरी पुष्कळ झाले. मडके घडवणारी बाई मग दृश्याचा भाग उरत नाही. तिच्या गावाशी आपला दोनशे वर्षांचा हिशेब आहे, आणि तो अजून पुरता फिटलेला नाही.