रक्त आणि कागद

गुन्हेगार शोधून काढणारे शास्त्र म्हणून डीएनए-परीक्षेचा लौकिक आज सर्वत्र झाला आहे. परंतु फौजदारी तपासाच्या क्षेत्रात या शास्त्राने पहिले पाऊल टाकले, तेव्हा त्याने कोणाला पकडले नाही. एका निरपराध मुलाला सोडविले. ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही.

१० सप्टेंबर १९८४ रोजी सकाळी इंग्लंडातील लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज हे संशोधक एक क्ष-किरण फिल्म न्याहाळीत होते. प्रयोगशाळेतील एका सहायिकेच्या व तिच्या आईवडिलांच्या डीएनएचे पट्टे तीवर उमटले होते. तिघांची ठेवण निराळी. तरीही मुलीचा प्रत्येक पट्टा आईच्या किंवा वडिलांच्या ठेवणीत सापडावा, असे ते चित्र होते. माणसाची ओळख आणि त्याचे नाते ही दोन्ही एकाच वेळी सांगणारी खूण हाती आली होती. १९८५ मध्ये घाना देशातून आलेल्या एका मुलाला ब्रिटनमध्ये आपल्या आईपाशी राहता आले, ते या परीक्षेच्या बळावर.

पुढचा प्रसंग लेस्टरजवळच्याच नारबरो परिसरातला. तेथे १९८३ व १९८६ मध्ये पंधरा वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार होऊन त्यांचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुली दिली. पहिला मात्र तो नाकारीत राहिला. दोन्ही गुन्हे त्याच्याच माथी सिद्ध होतील, या अपेक्षेने पोलिसांनी नमुने जेफ्रीज यांच्याकडे धाडले. उत्तर आले ते असे, की दोन्ही गुन्हे एकाच पुरुषाचे आहेत, आणि तो पुरुष हा मुलगा नव्हे. कबुलीजबाब खोटा ठरला व रक्त खरे ठरले.

मग १९८७ मध्ये आसपासच्या सुमारे पाच हजार पुरुषांचे नमुने गोळा करण्यात आले. एकही जुळेना! कारण खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क याने बेकरीतील एका सहकाऱ्याला आपल्या नावाने रक्त देण्यास पाठविले होते. त्यासाठी पारपत्रावरील छायाचित्रही बदलले होते. हा सहकारी मद्यगृहात बोलून गेला, ते ऐकणाऱ्या एका स्त्रीने पोलिसांस कळविले आणि पिचफोर्क सापडला. जानेवारी १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

ज्याचे आयुष्य नोंदवह्या आणि मोहोरा यांत चालले आहे, अशा माझ्यासारख्या कारकुनाला या कथेतील मर्म निराळेच वाटते. रक्त खोटे बोलले नव्हते. त्या कुपीवर लिहिलेले नाव खोटे होते. शास्त्र चुकले नव्हते, कागद चुकला होता.

आपल्या देशात हे शास्त्र हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. लालजी सिंह यांनी रुजविले. पट्टेरी मण्यार या सर्पाच्या डीएनएच्या अभ्यासातून त्यांची पद्धत सिद्ध झाली, आणि १९८९ मध्ये केरळातील तेल्लिचेरी येथे पितृत्वाच्या एका दाव्यात ती न्यायालयापुढे आली. परंतु येथेही कागदाचा प्रश्न सुटला नाही. दिल्लीत १९९६ मध्ये कायद्याच्या एका विद्यार्थिनीचा खून झाला. त्या खटल्यात कनिष्ठ न्यायालयाने डीएनएचा पुरावा ग्राह्य धरला नाही आणि १९९९ मध्ये आरोपी सुटला. तोच पुरावा मान्य करून उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्याला दोषी ठरविले. मधली सात वर्षे त्या मुलीच्या वृद्ध पित्याने न्यायाची वाट पाहण्यात काढली.

शास्त्रज्ञाच्या नळीत पोहोचण्यापूर्वी रक्ताचा थेंब किती हातांतून जातो! तो टिपणारा शिपाई, लिफाफ्यावर लाख लावणारा जमादार, वहीत वेळ व क्रमांक मांडणारा लेखनिक यांची नावे कोणत्याही इतिहासात येत नाहीत. तरीही एखाद्या निरपराधाचे आयुष्य त्यांच्या एका ओळीवर तरते किंवा बुडते. ती ओळ लिहिताना आपला हात सावध असावा, एवढे जरी या इतिहासाने शिकविले तरी पुष्कळ झाले.