हिरवळीवरचें यंत्र

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत, ग्लॉस्टरशायर परगण्यांत, स्ट्राउड नांवाचें एक लहानसें शहर आहे. अरुंद दऱ्या, त्यांतून वाहणारे ओढे आणि ओढ्यांच्या कांठीं लोकरी कापडाच्या गिरण्या, असें या प्रदेशाचें रूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं होतें. येथली लाल बनात इंग्रज सैनिकांच्या डगल्यांसाठीं प्रसिद्ध होती. आज बंगल्यांच्या, शाळांच्या आणि गृहसंस्थांच्या आवारांत हिरवळ राखण्यासाठीं जें यंत्र माणसें पुढें ढकलीत नेतात, तें प्रथम या बनातीच्या मुलखांत निर्माण झालें. बागेच्या यंत्राचें माहेर गिरणींत असावें हें विचित्र वाटतें खरें. पण त्याची हकीकत ऐकली म्हणजे तसें वाटत नाहीं. शिवाय हें यंत्र चालवितांना काय जपावयाचें, हेंहि त्या हकीकतींतूनच उलगडतें, आणि यंत्राबरोबर मिळणाऱ्या सूचनांच्या यादीपेक्षां तें अधिक लक्षांत राहतें, असा माझा अनुभव आहे.

बनात मागावरून उतरली म्हणजे लगेच अंगावर घालण्याजोगी नसे. प्रथम ती पाण्यांत कुटून घट्ट करीत, मग काटेरी बोंडांनीं घासून तिची लव वर काढीत, आणि शेवटीं ती लव सारखी छाटीत. हें छाटण्याचें काम पूर्वीं कसबी कारागीर मोठमोठ्या अवजड कातऱ्यांनीं करीत. यॉर्कशायरमध्यें या कातऱ्या यंत्राच्या चौकटींत बसविल्या जाऊं लागल्या, तेव्हां पोटावर पाय आलेल्या त्या कारागिरांनीं १८१२ सालीं रात्रीं-बेरात्रीं गिरण्यांवर चाल करून त्या चौकटी फोडल्या, आणि १८१३ च्या जानेवारींत यॉर्क येथें त्या बंडाळींतल्या अनेकांना फांसावर जावें लागलें. स्ट्राउडकडे याच कामासाठीं निराळी युक्ति प्रचारांत आली. एका आडव्या नळकांड्यावर मळसूत्राप्रमाणें वळलेलीं पातीं बसवावयाचीं, तें नळकांडें एका स्थिर पात्याला जेमतेम स्पर्श करीत फिरवावयाचें, आणि दोहोंच्या चिमटींत सांपडलेली लव कातरली जावयाची. कापडाला इजा होत नसे, आणि लव मात्र मखमलीसारखी एकसारखी होई.

एडविन बिअर्ड बडिंग हा या परिसरांतलाच एक यंत्रकारागीर. त्याचा जन्म १७९६ चा. गिरणींतलें तें फिरतें नळकांडें पाहून, जें बनातीच्या लवेला लागू पडतें तें जमिनीच्या लवेला कां लागू पडूं नये, असें त्याच्या मनांत आलें. विचार साधा होता; पण असे साधे विचार शेजारच्या शंभर माणसांना सुचत नाहींत, एकालाच सुचतात. थ्रप येथील ओतशाळेचा मालक जॉन फेराबी यानें खर्चाचा भार उचलला, आणि ३१ ऑगस्ट १८३० या तारखेस बडिंगला त्याच्या यंत्राचें पेटंट मिळालें. लोक वेडा म्हणतील या भीतीनें तो आपलें यंत्र रात्रीच्या अंधारांत चालवून पाही, अशी एक गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, कारागिराच्या स्वभावाला शोभणारी आहे.

त्यापूर्वीं श्रीमंतांच्या हिरवळी लांब दांड्याच्या विळ्यानें कापीत. हें काम भल्या पहाटे, गवतावर दंव असतांना करावयाचें. कारण ओलें गवत जड होऊन पात्यापुढें उभें राहतें, सुकलें कीं तें लवतें आणि विळा नुसता वरून घसरतो. कापणाऱ्यांची रांग पुढें, आणि कापलेलें गवत झाडणाऱ्यांची रांग मागें. बडिंगच्या यंत्रानें हा क्रम उलटा केला. त्याला कोरडें गवत हवें होतें. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाच्या बागेंत हें यंत्र आरंभींच घेतलें गेलें, आणि विळे व झाडू घेतलेल्या सहा ते आठ माणसांचें काम तें करतें, असा निर्वाळा तेथील मुकादमानें दिला. बडिंगनें तर पेटंटाच्या वर्णनांत असेंहि सुचविलें होतें कीं, खेड्यांत राहणाऱ्या सद्गृहस्थांनीं हें यंत्र स्वतः चालवावें, त्यांना करमणूक होईल आणि प्रकृतीस हितकर असा व्यायामहि घडेल. ओतीव लोखंडाचें तें धूड पाहिल्यावर किती सद्गृहस्थांना या करमणुकीचा मोह झाला असेल, कोण जाणे! थोड्याच काळांत यंत्राला पुढच्या बाजूस दुसरी मूठ लावावी लागली. एकानें मागून ढकलावयाचें आणि दुसऱ्यानें पुढून ओढावयाचें.

यंत्राची रचना मात्र नीट पाहण्याजोगी आहे. कापण्याची रुंदी १९ इंच. मागें एक जड रूळ. तो जमिनीवर फिरला कीं दंतचक्रांच्या योगानें पात्यांचें नळकांडें त्याच्या सोळा पट वेगानें फिरे. मधला एक लहान रूळ वरखालीं करून गवताची उंची ठरवितां येई, आणि कापलेलें गवत पुढच्या तबकांत उडून पडे. यांतली एक गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पात्याला शक्ति मिळे ती रुळापासून, आणि रुळाला चालणाऱ्या माणसाच्या पायांपासून. माणूस चालला तर पातें चाले. माणूस थांबला, अडखळला, पडला, तर पातेंहि तेथेंच थांबे. सुरक्षिततेसाठीं बडिंगनें कांहीं निराळी योजना केली नव्हती. ती यंत्राच्या घडणींतच होती.

१८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम घराण्यानें परवाना घेऊन हीं यंत्रें बनविण्यास आरंभ केला. पुढें मोठ्या यंत्रांना तट्टू व घोडे जुंपूं लागले, आणि खुरांनीं हिरवळ उखडूं नये म्हणून त्या जनावरांच्या पायांत चामड्याचे बूट चढवीत. लॉन टेनिसचें पेटंट १८७४ चें आणि विंबल्डनचे पहिले सामने १८७७ चे. हा खेळ विळ्यानें कापलेल्या जमिनीवर रुजला असता असें मला वाटत नाहीं. १८९३ मध्यें लँकेशायरच्या जेम्स समनर यानें वाफेवर चालणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि १९०२ मध्यें रॅन्सम यांनीं पेट्रोलच्या इंजिनाचें यंत्र बाजारांत आणलें. इंजिन आलें, आणि माणसाच्या पावलाचा व पात्याचा संबंध तुटला. आतां माणूस थांबला तरी पातें फिरत राहूं शके.

तरीहि जुन्या पद्धतीचें नळकांडें कातरीप्रमाणें कापतें. त्याला दुसरें स्थिर पातें लागतें, आणि गति फार लागत नाहीं. खरा पालट झाला तो चक्राकार पात्याच्या यंत्रानें. इंग्लंडांत अशीं यंत्रें १९३० नंतरच्या दशकांत निघालीं होतीं. पण त्यांना घरोघर नेलें तें ऑस्ट्रेलियानें. सिडनीच्या कॉनकॉर्ड या उपनगरांत मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यानें १९५२ सालीं आपल्या गॅरेजमध्यें मोडक्यातोडक्या सामानांतून असें एक यंत्र जुळविलें. त्याची पेट्रोलची टाकी म्हणजे पीच फळांचा रिकामा डबा होता. आपल्या मधल्या नांवावरून त्यानें यंत्राला 'व्हिक्टा' हें नांव दिलें. या जातीच्या यंत्रांत स्थिर पातें नसतेंच. छत्राखालीं एक आडवी पोलादी पट्टी मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे घेते, आणि केवळ वेगाच्या जोरावर गवताचा शेंडा उडविते. २१ इंची पट्टीचें टोंक त्या वेळीं ताशीं सुमारे ३०० किलोमीटर वेगानें जात असतें. यंत्र स्वस्त झालें, हलकें झालें, उंच गवतांतहि चालूं लागलें. परंतु कातर जें सोडून देते तें हा वेग सोडीत नाहीं. वाटेंत आलेला खडा, तारेचा तुकडा किंवा हाड तो बंदुकीच्या गोळीसारखें भिरकावून देतो, आणि छत्राखालीं गेलेल्या बोटाला मागें येण्यास अवसर देत नाहीं.

अमेरिकेंत या यंत्रांचा प्रसार अफाट झाला, आणि त्याबरोबर अपघातहि. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठीं नेमलेल्या तेथील सरकारी आयोगानें १९७९ च्या सुमारास असा अंदाज केला कीं, हातानें ढकलावयाच्या यंत्रांच्या पात्यानें वर्षास सुमारे ७७,००० माणसें जखमी होतात, आणि त्यांपैकीं जवळजवळ १०,००० जणांचें हाताचें वा पायाचें एखादें तरी बोट तुटतें. हीं माणसें बेफिकीर होतीं असें नाहीं. गवताचा लगदा अडकला म्हणून त्यांनीं यंत्र चालू असतांनाच तोंडांत हात घातला, किंवा ओल्या उतारावर पाय घसरला, किंवा यंत्र स्वतःकडे ओढतांना तें पावलांवर आलें. कारखानदारांनीं आयोगाशीं न्यायालयांत भांडण केलें; तरीहि ३० जून १९८२ पासून नियम लागू झाला. मुठीबरोबर एक कांब दाबून धरावयाची. ती सोडली कीं तीन सेकंदांच्या आंत पातें पूर्णपणें थांबलें पाहिजे. दीडशें वर्षांपूर्वीं बडिंगच्या यंत्रांत जो संबंध आपोआप होता, तो कायद्यानें पुन्हां जोडावा लागला. फक्त पावलांच्या जागीं आतां हाताची पकड आली. आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांनाहि ही कांब असते.

तीन सेकंद हा काळ लहान वाटतो. पण तेवढ्यांत पट्टीचे कित्येक फेरे होतात आणि माणूस तीन-चार पावलें टाकतो. म्हणून कांब सोडल्यावरहि पात्याचा आवाज पूर्ण बंद होईपर्यंत जागेवर उभें राहावें. आणि छत्राखालीं हात घालण्यापूर्वीं, मग तो अडकलेलें गवत काढण्यासाठीं असो वा पातें पुसण्यासाठीं, स्पार्क प्लगची तार काढून बाजूस ठेवावी. इंजिन बंद असतांना पातें हातानें फिरविलें तर त्याबरोबर दट्ट्याहि हलतो, आणि एखादे वेळीं ठिणगी पडून इंजिन क्षणभर सुरू होतें. हें अनेकांना खरें वाटत नाहीं, आणि म्हणूनच तें पुनःपुन्हां सांगावें लागतें. विजेच्या यंत्राची तार भिंतींतून काढावी, बॅटरीच्या यंत्राची बॅटरी. तार लांब असेल तर ती खांद्यावरून मागें सोडावी, म्हणजे पात्याखालीं येत नाहीं. आणि ओल्या गवतावर विजेचें यंत्र मुळींच नेऊं नये.

बाकीची तयारी यंत्र सुरू करण्यापूर्वींची आहे. हिरवळ एकदा पायांखालून घालावी आणि खडे, काटक्या, मुलांचीं खेळणीं, नळीचीं तोंडें उचलावीं. उंचीचा खटका इंजिन बंद असतांनाच बसवावा. प्रथम उंच ठेवावी, कारण एका वेळीं गवताचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग कापला तर तें पिवळें पडतें आणि यंत्रहि गुदमरतें. पेट्रोल उघड्यावर, थंड इंजिनांत भरावें, आणि बंद खोलींत इंजिन कधींहि चालवूं नये. उतारावर यंत्र आडवें न्यावें, वरखालीं नव्हे. मुलें घरांत असावीं. नुसतीं दूर नव्हेत, घरांत.

ज्यांच्याकडे जुनें हातयंत्र आहे त्यांनीं निराळी कसोटी लावावी. नळकांडें आणि स्थिर पातें यांच्यामध्यें कागदाची पट्टी धरून, बोटें लांब ठेवून, रूळ हळूच फिरवावा. कागद स्वच्छ कातरला तर जुळणी बरोबर. मुडपला तर एका बाजूचा खिळा किंचित् आवळावा. फार आवळलें तर पातीं झिजतात आणि ढकलणाराचा दम जातो. काटकी अडकली तर ती काठीनेंच काढावी. कारण अडलेल्या नळकांड्यांत ताण सांठलेला असतो, आणि मोकळें होतांच तें एकदम उसळतें.

गेल्या पावसाळ्यांत एका गृहसंस्थेच्या आवारांत माळी यंत्र चालवितांना मीं पाहिला. पायांत साध्या चपला होत्या, आणि मुठीजवळची कांब सुतळीनें घट्ट बांधून ठेवलेली होती. मीं कारण विचारलें. तो म्हणाला, "साहेब, कांब सुटली कीं इंजिन बंद पडतें, आणि दर खेपेस दोरी ओढून खांदा भरून येतो." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. कांब सोडल्यावर पातें तेवढें थांबावें आणि इंजिन चालूच राहावें, अशी रचना करतां येते. पण ती महाग पडते. इंजिनच बंद करावयाचें ही स्वस्त वाट, आणि तिलाहि नियमानें मुभा आहे. स्वस्त यंत्र निवडलें तें संस्थेच्या समितीनें, खांदा दुखूं लागला तो माळ्याचा, आणि सुतळी आली ती या दोहोंमधून. त्यानें ती माझ्यासमोर सोडली. मीं चिटणीसांना सर्व प्रकार सांगितला. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, आणि पुढच्या बैठकींत माळ्यासाठीं जाड तळव्याच्या बुटांचा एक जोड मंजूर झाला. यंत्र मात्र अजून तेंच आहे.